एस म्हणजे स्मॉल

आमच्या घरात इंग्रजीची एकूण चार अक्षरं होती आणि ती चारही आईच्या ताब्यात होती. एस, एम, एल आणि एक्स. आई गावाकडे मराठी चौथीपर्यंत शिकलेली. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून डेनिमच्या जॅकेटांचे गठ्ठे आमच्या अंबरनाथच्या क्वार्टरमध्ये यायचे आणि त्यांच्या गळ्याला आतून लेबलं शिवायचं काम ती करायची. पँटींना आकडे असत, जॅकेटांना अक्षरं. लेबलं चार डब्यांत भरून मांडणीवर, मिठामिरचीच्या डब्यांच्या रांगेतच ठेवलेली असत. साखर कुठे आहे विचारलं तर ‘एमच्या मागे’ असं उत्तर यायचं. घरभर निळं तूस असायचं. उशीवर, देवांच्या अंगावर, कधी कधी वरणातसुद्धा. आप्पा ते बोटाने ताटाच्या कडेला लावायचे आणि जेवत राहायचे. आई माणसंही त्याच अक्षरांत मोजायची. शेजारच्या काकू बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हा एम होत्या, परत आल्या त्या एल होऊन. कुणाकडचा नवा जावई बघून आली की आधी त्याचं अक्षर सांगायची, मग नोकरी. मी एस होते आणि एसच राहणार, हे तिने मी दहा वर्षांची असतानाच ठरवून टाकलं होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर होते. दिवसभर केसाहून बारीक मापं घेऊन त्यांना घरीही सगळं मोजायची खोड लागली होती. भाकरी एका बाजूला जाड झाली तर ते बोलायचे नाहीत, फक्त चिमटीत धरून बघायचे, आणि आईला तेवढ्याने राग यायचा. कारखान्याच्या मागच्या माळावर साहेब लोकांचं नऊ होलचं गोल्फचं मैदान होतं. गवत पावसाळ्यापुरतंच. होलभोवती जिथे इतर मैदानांवर हिरवळ असते तिथे आमच्याकडे काळं तेल शिंपडून दाबलेली वाळू होती. साहेबांच्या स्टिका मोडल्या, सैल झाल्या की त्या आप्पांकडे यायच्या. रविवारी सकाळी ओटीवरच्या पोलादी शेगड्यात, म्हणजे पकडीत, एखादी स्टिक आडवी पकडलेली असायची, आत आईचं मशीन चालू आणि बाहेर आप्पांची कानस. साहेब स्टिकच्या दांड्याला शाफ्ट म्हणायचे. आप्पांना ते मान्य नव्हतं. “शाफ्ट फिरतो. हा फिरतो का? हा दांडा,” असं ते म्हणायचे. साहेबांसमोर मात्र शाफ्टच म्हणायचे.

नीट केलेली स्टिक पोचवायला मी त्यांच्याबरोबर जायला लागले आणि एका सकाळी सबनीस साहेबांनी माझ्या हातात ती देऊन म्हटलं, “बघू, कशी फिरवतेस.” सबनीस साहेब मैदानाची व्यवस्था बघायचे. उंच, वाकलेले, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघणारे. मी घरी ओटीसमोर स्टिका फिरवून बघायची, त्यामुळे हात बसलेला होता. चेंडू बऱ्यापैकी गेला. सबनीस साहेबांनी आणखी तीन मारायला लावले आणि मग दर बुधवारी सकाळी, शाळेच्या आधी, मैदान रिकामं असतं तेव्हा ये म्हणाले. मला तो खेळ का आवडला ते आज नीट सांगता येईल. घरात मी जे काही करायची त्यावर कुणाचं तरी मत असायचं. इथे चेंडू मारला की तो जाईल तिथे जायचा, आणि तेवढा वेळ कुणी बोलत नसे.

पण बोलणारे होतेच. कामगारांची मुलं मैदानावर यायला लागली तर उद्या कोण कोण येईल, असं काही साहेबांनी कमिटीत विचारलं. सबनीस साहेबांनी मध्यम मार्ग काढला. वर्षभर हिला खेळू द्या. वार्षिक सामन्याच्या दिवशी, सगळ्यांच्या समोर, हिने चौथ्या होलचा नाला एका फटक्यात पार करून दाखवला तर हिचं सभासदाचं कार्ड करायचं. नाही केला तर विषय संपला. चेंडू मारायच्या जागेपासून नाला सव्वाशे पावलं. सबनीस साहेबांनी हे आप्पांना सांगितलं, आप्पांनी मला, आणि मी घरी येऊन आईला. आई म्हणाली, “पायात चपला घाल. त्या नाल्यात साप आहेत.”

आता मला माझी स्वतःची स्टिक हवी होती. सबनीस साहेबांनी आपल्या जुन्या, मोडक्या स्टिकचं लाकडी डोकं दिलं. दांडा शोधायचा होता. आईला गठ्ठा परत करायला कॅम्पात जायचंच होतं, तेव्हा आम्ही तिघंही गेलो. तिच्या कारखानदाराच्या शेजारी गोपीशेठचं दुकान होतं. गोपीशेठ सिंधी, कपाळावर चष्मा, तोंडात बडीशेप. तो बाहेरदेशातून येणारे लॉट घ्यायचा आणि लॉटमध्ये जे निघेल ते विकायचा. एकदा नुसते डाव्या हाताचे मोजे निघाले होते, तेही विकले. त्या दिवशी त्याच्याकडे पोलादी दांड्यांची एक जोडी होती. चकचकीत, सारख्या लांबीचे, सारख्या जाडीचे, वरच्या अंगाला कागदाचा पट्टा चिकटवलेला. एका पट्ट्यावर एस, दुसऱ्यावर एल.

“इसमें फरक क्या है, शेठ?” आप्पांनी विचारलं.

“साईज का फरक है, साईं. एक एस, एक एल. लिखा तो है.”

आप्पांनी खिशातून पट्टी काढली. “लंबाई तो एकच है दोनों की.”

“लंबाई नहीं रे बाबा, फिटिंग! फिटिंग का फरक है. भाभी को पूछो, भाभी जानती है.”

आप्पांनी खरंच आईकडे बघितलं. आई पुढे झाली. कापड बघतात तसं तिने दोन्ही दांडे उजेडात धरले, मला खांद्याला धरून सरळ उभं केलं आणि म्हणाली, “काडी आहे नुसती. हिला एसच बसेल. एल मोठ्या माणसाला.” तिला इतक्या खात्रीने काही वाचताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं. आप्पा मापाच्या बाबतीत साहेबांचंही ऐकत नसत, पण त्या चार अक्षरांच्या बाबतीत आईचा शब्द शेवटचा होता. गोपीशेठ जोडी तोडायला तयार नव्हता, म्हणून एलही घरी आला. आप्पांनी त्याच्या टोकाला लाकडाची छोटी खुंटी बसवली आणि तो आईला वरच्या दांडीवर कपडे वाळत घालायला काठी म्हणून दिला. आमच्या क्वार्टरचं छत ठेंगणं होतं, तेवढी लांबी पुरायची.

वाचणाऱ्याला खरी गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण मी त्याला वर्षभर रडवणार नाही. एस म्हणजे स्मॉल नव्हे, स्टिफ, म्हणजे ताठ. एल म्हणजे लार्ज नव्हे, लेडीज, म्हणजे लवणारा. ज्याचा हात जोरात फिरतो त्याला ताठ दांडा लागतो. ज्याचा सावकाश फिरतो त्याला लवणारा, म्हणजे दांडा मागे लवतो, वेळेवर सरळ होतो आणि चेंडूला वर उचलतो. सावकाश हातात ताठ दांडा दिला तर चेंडू उठत नाही, खालून उजवीकडे पळतो. परवा नातीबरोबर एका मोठ्या दुकानात गेले होते. तिथल्या मुलीने तिला पडद्यासमोर सहा चेंडू मारायला लावले, यंत्राने हाताचा वेग सांगितला आणि दांडा ठरला, दहा मिनिटांत. नात म्हणाली, आजी, तुमच्या वेळी कसं ठरवायचे? मी म्हटलं, जॅकेटासारखं.

ते वर्ष मी नाल्यासमोर घालवलं. दर बुधवारी वीस चेंडू. ते जमिनीला धरून निघायचे आणि उजवीकडच्या बाभळीत शिरायचे किंवा नाल्यात पडायचे. सबनीस साहेब म्हणायचे, हात सैल सोड. आप्पा म्हणायचे, मनगट लवकर फिरतंय. आई म्हणायची, पोटात काही नाही तर चेंडू कुठून जाणार, आणि सकाळी सकाळी मुठीत चार खजूर कोंबायची, वर दुधाचा पेला. सुक्या बोंबलाची चटणी लावलेली भाकरी मी बाभळीखाली बसून खायची आणि चेंडू शोधायची. काटे इतके टोचले की आईने घरी सुईचा वेगळा डबाच केला. मी आणखी जोर लावला. जोर लावला की चेंडू आणखी उजवीकडे. तळहाताला फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. आणि हळूहळू माझी खात्री पटली की कमी माझ्यातच आहे. पंधराव्या वर्षी अशी खात्री फार लवकर पटते, तिला पुरावा लागत नाही. सबनीस साहेबांनी सूचना द्यायचं बंद केलं तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. ते नुसते उभे राहायचे आणि माझ्या डोक्यावरून बाभळीकडे बघायचे.

वार्षिक सामन्याला पाच दिवस राहिले होते त्या मंगळवारी दुपारी मी आप्पांना सांगितलं, मी रविवारी येणार नाही. तुम्हीच सबनीस साहेबांना सांगा. आप्पांनी रजा घेतली होती, ते ओटीवर कानस घासत होते. ते म्हणाले, “का?” मी म्हटलं, “मला येत नाही म्हणून.”  कानस थांबली. मला वाटलं होतं ते रागावतील, म्हणजे मलाही रडता येईल. ते नुसते माझ्या हाताच्या घट्ट्यांकडे बघत राहिले, आणि ते मला रागावण्यापेक्षा कठीण गेलं.

आत आई ओली चादर वर घालत होती. तिने आतूनच आवाज दिला, “अहो, ही काठी बदलून द्या हो मला. चादर टेकवली की लवते मेली. मोठ्या माणसाची म्हणे, आणि जीव बघा हिचा.”

“लवते?” आप्पा म्हणाले.

“लवते म्हणजे? बघा की येऊन. पार वाकून चादर माझ्या तोंडावर.”

आप्पा उठले. आत जाऊन त्यांनी आईच्या हातातून काठी घेतली आणि चादर तिच्या खांद्यावर तशीच टाकून बाहेर आले.  त्यांनी माझी स्टिक जाड टोकाकडून शेगड्यात आडवी पकडली, पुढच्या टोकाला दोऱ्याने खलबत्त्यातला लोखंडी बत्ता टांगला आणि टोक किती खाली आलं ते भिंतीवर पेन्सिलने टिपलं. चार बोटं. मग काठीची खुंटी काढून ती तशीच पकडली. तिला स्टिकसारखं डोकं नव्हतं, तेव्हा फरक राहू नये म्हणून आईच्या तराजूवर डोक्याइतक्या वजनाचे बटाटे मोजून घेतले, पिशवीत घालून टोकाला बांधले आणि वर तोच बत्ता. टोक खाली आलं ते सहा बोटांच्याही खाली. आप्पांनी बत्ता काढला, परत टांगला. पुन्हा तेच. मग दोन्ही कागदी पट्टे डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिले. आई दारात येऊन “बटाटे आणा इकडे, भाजी टाकायची आहे,” असं म्हणून आत गेली.

“साईज नाही ही,” आप्पा हळूच म्हणाले. “ताठपणा आहे. हा मोठ्या माणसाच्या हाताचा दांडा आहे, कुंदा. वर्षभर तू पहारीने चेंडू मारत होतीस.” मग त्यांनी माझा तळहात उलटा करून घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. “तुझ्या हाताची चूक नव्हती. मी मोजायला पाहिजे होतं. दिवसभर दुसऱ्यांचं मोजतो, आणि तुझंच मोजलं नाही.” माझे वडील चूक कबूल करणाऱ्यांतले नव्हते. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच, ओटीवर, बटाट्यांच्या पिशवीशेजारी बसून रडले. इतके दिवस मी स्वतःलाच नालायक म्हणत आले होते आणि ते सगळं एका अक्षराचं निघालं होतं.

आत मशीन सुरू झालं तसे आप्पा माझ्याजवळ सरकले. “आईला हे सांगायचं नाही,” ते म्हणाले. “तिला तेवढीच अक्षरं येतात. तीही चुकली असं कशाला? मी सांगेन, जुना दांडा गंजला म्हणून बदलला.” मी मान हलवली. त्यांनी माझ्या स्टिकच्या मानेवर, डोक्याच्या सांध्याला गुंडाळलेला काळा दोरा सोडवला, दांडा काढला आणि त्या जागी एल बसवला. चिकटवायचं औषध वाळायला शनिवारची रात्र होणार होती, म्हणजे सराव नाही. सरळ रविवारी नाल्यासमोर. एसला खुंटी लावून त्यांनी तो बुधवारीच आईला दिला. “ती वाकत होती ना, ही घे.” आईने काठी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि “बरं” म्हणाली. एरवी ती दोन प्रश्न तरी विचारायचीच. आम्हाला वाटलं, सुटलो.

रविवारी सकाळी निघताना आईने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. स्टिकच्या डोक्याला घालायची टोपी. डेनिमच्या जॅकेटाची वाया गेलेली बाही कापून शिवलेली, दुहेरी शिलाईची, खास कारखान्यासारखी. “लाकडाला ओल लागते,” एवढंच म्हणाली. खजूर दिले. मैदानावर साहेब, त्यांच्या बायका, मोठ्या किटलीत चहा, बटाटेवड्यांची परात. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या मागे उभे होते. चौथ्या होलपाशी सबनीस साहेबांनी माझं नाव घेतलं आणि एक जण म्हणाला, “लवकर आटपा, ऊन चढतंय.”  या दांड्याने मी एकही चेंडू मारला नव्हता. आज चेंडू बाभळीत गेला तर मला त्या माळावर पुन्हा कधी पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि आप्पांचा इस्त्रीचा शर्ट सगळ्यांना दिसत होता.

टोपी काढायला मी तिच्या तोंडात बोटं घातली. आतल्या बाजूला बोटाला काहीतरी लागलं. उलटवून पाहिलं तर लेबल. जॅकेटाच्या गळ्याला शिवतात तसं, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवलेलं, सरळ, मधोमध. त्यावर एल.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांना काही माहीत नव्हतं, ते आपले नाल्याकडे बघत होते. म्हणजे बुधवारी तिने हातात घेतलेल्या काठीवर एस वाचला होता, आणि न विचारता सगळं समजून घेतलं होतं. आम्ही तिला वाचवत होतो, आणि ती आम्हाला आमचं खोटं बोलू देत होती. मग दोन रात्री बसून आपल्या चुकीवर तिने चारी बाजूंनी टाके घातले आणि ती माझ्या हातात दिली. ती मला इतकी जवळची कधी वाटली नव्हती.  मी टोपी कमरेला ओढणीत खोचली, स्टिक घेतली आणि जोर न लावता, ओटीसमोर फिरवायची तशी सावकाश फिरवली. वर गेल्यावर दांडा किंचित मागे राहिला आणि मग आपणहून आला. मला त्याची वाट बघावी लागली, तेवढंच. आवाज वेगळा आला, कोरडा. चेंडू उठला. वर्षभरात पहिल्यांदा मला त्याच्याकडे मान वर करून बघावं लागलं. तो नाल्यावरून गेला, पलीकडच्या काठावर टेकला, उतारावरून हातभर मागे घरंगळला आणि गवताच्या झुबक्याला अडकून थांबला.

“काठावर आहे,” ऊन चढतंय म्हणणारे साहेब म्हणाले.

“पलीकडच्या काठावर आहे,” सबनीस साहेब म्हणाले आणि त्यांनी आप्पांना हाक मारली. “मेस्त्री, उद्या हिचा फोटो घेऊन या. कार्डाला लागतो.” या वेळी ते माझ्या डोक्यावरून नाही, सरळ माझ्याकडे बघत होते. आप्पांनी वडा हातात घेतला आणि तो तसाच धरून घरापर्यंत आणला.

तो वडा खाल्ला मी. आता मी चिखलोलीला राहते. ते मैदान राहिलं नाही, तिथे इमारती झाल्या. आप्पा आणि आई दोघंही गेले. आईने त्या चुकीचा विषय कधी काढला नाही, आम्हीही नाही, आणि आप्पा शेवटपर्यंत समजत राहिले की तिला काही कळलं नाही. पण त्या रविवारी मी दारात आले तेव्हा ती त्या ताठ काठीने माझाच धुतलेला कुर्ता वर घालत होती. पाठमोरीच होती, वळली नाही.

“गेला का पलीकडे?”

“गेला.”

तिने कुर्त्याची बाही काठीने ओढून सरळ केली. ओल्या कापडाखाली काठी जराही वाकली नाही.

“मग ती लवणारी तुलाच राहू दे,” आई म्हणाली. “मला एस बसतो.”